उजव्या वाटीतली चकती

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे, एवढे तरी मला गेल्या महिन्यापर्यंत पक्के ठाऊक होते. आता तेवढेही छातीठोकपणे सांगवत नाही. माझी वायर नवी आहे, कानावरच्या गाद्या नव्या आहेत, पोटात काय काय भरले आहे ते मलाच नीटसे कळत नाही, आणि मी दुरुस्त आहे की बिघडलेला यावर या घरात दोन मते आहेत. दोन्ही मते बरोबर आहेत, असे घरातल्या मामी म्हणतात. त्यामुळे माझा गोंधळ आणखीच वाढला आहे. तरी जमेल तसे सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्या काळी हेडफोन म्हणजे दणकट वस्तू असे. डोक्यावरून जाणारी पोलादी पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन वाट्या, प्रत्येक वाटीत कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ पडदा, पडद्याला चिकटवलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि त्या वेटोळ्याला वेढणारे लोहचुंबक. वेटोळ्यातून वीज खेळली की पडदा थरथरतो, आणि त्यालाच तुम्ही आवाज म्हणता. मात्र याच्या उलटही घडते. तुम्ही माझ्याजवळ बोललात तर तुमच्या आवाजानेही पडदा किंचित थरथरतो. म्हणजे मी ऐकवतोही आणि ऐकतोही. यातले माझे खरे काम कुठले, हा माझ्या आयुष्यातला पहिला गोंधळ.

कारखान्यातल्या शेवटच्या टेबलावर एक जाड चष्म्याच्या बाई बसत. त्यांच्यासमोर असे चाळीस पडदे एका तबकात मांडलेले असत. कुठलेही दोन पडदे हुबेहूब सारखे वाजत नाहीत, म्हणून बाई एकेक वाजवून त्यांच्या जोड्या लावत. माझी जोडी लावायला त्यांना अर्धा दिवस लागला. शेवटी त्या शेजारणीला म्हणाल्या, "ही बघ, सख्खी भावंडं मिळाली." मग त्यांनी एका चिठ्ठीवर सही केली आणि ती माझ्या खोक्यात टाकली. माझी डावी आणि उजवी बाजू समसमान आहे, असे त्या चिठ्ठीवर लिहिले होते. मला त्याचा फार अभिमान वाटला. आपण कोण आहोत हे लेखी मिळणे सगळ्यांच्या नशिबी नसते.

तिथून मी गाण्याच्या तबकड्या छापणाऱ्या एका कंपनीत गेलो. तिथे एक ऐकण्याची खोली होती. भिंतींना जाड कापड, एक टेबल, एक तबकडीयंत्र आणि एक माणूस. या माणसाला मी पुढे मामा म्हणू लागलो, कारण घरातली भाची त्यांना तसे म्हणते. तेव्हा ते तिशीतले होते आणि कंपनीत सगळे त्यांना नुसते 'कान' म्हणत. छापून आलेल्या प्रत्येक शंभर तबकड्यांतली एक ते ऐकत. कुठे टिचकी वाजते का, कुठे खरखर येते का, दोन्ही बाजूंचा आवाज सारखा आहे का, हे तपासत. साहेब म्हणत, "कानानं पास केलं ना? मग मला विचारू नका." मला वाटे, ही शाबासकी निम्मी तरी माझी आहे.

दहा वर्षे अशी सुखात गेली. अकराव्या वर्षी मामा विचित्र वागू लागले. ते मला उलटे घालत, उजवी वाटी डाव्या कानावर. मग सुलटे. मग पुन्हा उलटे. एकदा दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले असताना त्यांनी खोलीला आतून कडी लावली, माझी उजवी वाटी उघडली आणि तबकडीयंत्राच्या जुन्या गादीतून नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक चकती कापून आत बसवली. मग एक तबकडी लावली. तिच्यात एकच बाई गात होती, साथीला काही नाही, आणि दोन्ही बाजूंना अगदी तोच आवाज होता. मामांनी ऐकले, चकती काढून कातरली, पुन्हा बसवली. असे तीनदा केले. चौथ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, "आली जागेवर."

कोण आली? खोलीत तर कोणी आले नव्हते. आणि उजव्या पडद्याने असा काय गुन्हा केला होता की त्याच्या तोंडावर बोळा बसावा? त्या दिवसापासून माझी डावी बाजू मोकळेपणी गाई आणि उजवी पांघरुणातून बोलल्यासारखी बोले. एकदा साहेबांनी सहज मला डोक्यावर चढवले आणि म्हणाले, "काय हो, हा डावीकडे ओढतोय की काय?" मामांनी मला जवळजवळ हिसकावूनच घेतले. "जुना झालाय, साहेब. माझ्या डोक्याला सवय झालीये त्याची." पुढे त्यांनी मला कोणाच्या हाती लागू दिले नाही. मी मनाशी ठरवून टाकले की आपली उजवी बाजू आजारी आहे आणि मामा ते दयाबुद्धीने झाकत आहेत.

तबकड्यांचे दिवस संपले, कंपनी बंद झाली, आणि निरोपाच्या वेळी मामांनी घड्याळाऐवजी मला मागून घेतले. आता मी त्यांच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर राहू लागलो. पलीकडे मामींचे शिवणयंत्र होते. मामी लोकांचे कपडे शिवत. मामांनाही घरबसल्या काम मिळाले. जुने आवाज जतन करणारी एक संस्था होती. तिथून पेट्या भरभरून जुन्या टेप येत: कोणा शिक्षकाची भाषणे, गायकांच्या बैठका, पाखरांचे आवाज, बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा. मामा ऐकत आणि वहीत लिहीत, ही टेप जपावी, ही फार खराब झाली आहे, हिची दुसरी प्रत शोधावी. हे काम म्हणजे मामांचा जीव की प्राण. सकाळी चहा झाला की ते मला डोक्यावर घेत, आणि जेवायला मामींना तीन हाका माराव्या लागत.

पण माझ्याकडे कोण बघणार? गाद्यांचे कातडे सुटू लागले. आतला स्पंज विरून चिकट काळा भुगा झाला, तो मामांच्या कानांना लागे.

"कोळशाच्या खाणीत जाऊन आलात का?" मामी विचारत.

"काम करतोय," मामा म्हणत.

"ते दिसतंय कानांवर. उशीच्या खोळीवरही दिसतंय."

वायरही कुरकुरू लागली. मामांनी मान वळवली की एक बाजू जाई आणि टपली मारली की येई. मी टपल्या खात दिवस काढत होतो.

अशात सुट्टीला भाची आली. ती नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मोकळी झाली होती. जुने हेडफोन मिळवायचे, उघडायचे, त्यांत थोडे फेरफार करायचे आणि पुन्हा ऐकायचे, हा तिचा छंद. मामा तिला 'मोजपट्टी' म्हणत, कारण ती चहाचे पाणीही मापाने ओतते. मला पाहून तिने असा श्वास घेतला, जणू मी हरवलेला नातेवाईक आहे.

"मामा, हा आता कुठे मिळत नाही. आणि तुम्ही त्याची ही दशा केलीये?"

"वाजतोय ना?"

"मी उघडून बघू?"

"नको. त्याला काही झालेलं नाही," मामा म्हणाले आणि त्यांनी मला टेबलाच्या खणात ठेवून दिले. एवढेच म्हणाले. का नको, ते काही सांगितले नाही.

दोन दिवसांनी मामा तपासलेल्या टेप घेऊन संस्थेच्या गावी गेले. ते दिसेनासे झाल्यावर भाचीने खण उघडला.

"त्यांना विचारलंस?" मामींनी यंत्र थांबवून विचारले.

"विचारलं तर नकोच म्हणतील. परत आल्यावर एकदम देऊ. खूश होतील."

"तुझ्या मामांना एकदम काही दिलेलं आवडत नाही. मी एकदा न सांगता त्यांची खुर्ची बदलली, तर महिनाभर उभ्यानं पेपर वाचत होते." असे म्हणून मामींनी चष्मा वर सरकवला. "गाद्यांना कापड कुठलं लावणार आहेस? दाखव. ते नको, घामानं चुरगळेल. मी देते."

भाचीने एका लाकडी फळीला भोक पाडून त्यात बारीक मायक्रोफोन बसवला होता. हा तिचा खोटा कान. त्या कानावर तिने माझी एकेक वाटी ठेवली आणि अगदी खर्जापासून शिट्टीसारख्या आवाजापर्यंत मला वाजवले. लॅपटॉपच्या पडद्यावर दोन रेघा उमटल्या. डावीची रेघ बरीच सपाट होती. उजवीची मध्यापर्यंत नीट चालली आणि पुढे घसरगुंडीसारखी खाली गेली.

"बघा, मामी. उजवी बाजू पार बसलीये."

माझी मलाच लाज वाटली. इतकी वर्षे झाकलेला माझा आजार आज चव्हाट्यावर आला होता. मग तिने वाटी उघडली आणि तिला चकती सापडली. तिने ती चिमट्याने उचलून उजेडात धरली. "कोणीतरी खडखड थांबवायला बोळा कोंबलाय," ती म्हणाली. तिने चकतीची जाडी मोजली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून पाहिले, तारखेसकट सगळे एका पाकिटावर लिहिले आणि चकती त्यात बंद केली. जुनी वायर उपटून, डाख देऊन नवी जोडली. मामींनी मऊ कापडाच्या गाद्या शिवल्या, टाके आतल्या बाजूला घेतले. पुन्हा मोजणी झाली. या वेळी दोन्ही रेघा एकीवर एक पडल्या, सख्ख्या भावंडांसारख्या.

मित्रांनो, मला काय वाटले म्हणून सांगू? वाटले, आपण आजारी नव्हतोच. आपल्या तोंडावर नुसता बोळा होता, आणि तो मामांनी का बसवला, हे न समजण्यातच निम्मे आयुष्य गेले. आता मामा येतील, मला डोक्यावर घेतील, आणि पुन्हा सगळे पहिल्या दिवसांसारखे होईल.

मंगळवारी मामा आले. भाचीने मला पुढे केले. "वायर बदलली, गाद्या बदलल्या. मामींनी शिवल्यात."

मामांनी टाक्यांवरून बोट फिरवले आणि हसले. त्यांनी एक टेप लावली. मी जीव ओतून वाजू लागलो. पण त्यांचे हसू हळूहळू मावळले. त्यांनी मला उलटे घातले, सुलटे घातले, मग डाव्या कानाजवळ चुटकी वाजवून पाहिली.

"मामा, मी आलेख काढलाय, दाखवू?"

"नंतर बघू गं. छान झालाय. फार स्वच्छ वाजतोय." आणि त्यांनी मला खुंटीवर अडकवले.

पुढचे दोन दिवस त्यांनी मला हात लावला नाही. टेपची नवी पेटी दाराशी तशीच पडून होती. मी खुंटीवरून पाहत होतो आणि काही केल्या मला उमगत नव्हते. बोळा होता तेव्हा हा माणूस मला सोडत नव्हता. आता मी चिठ्ठीत लिहिल्याइतका निर्दोष झालो, तर याने माझ्याकडे पाठ फिरवली.

शुक्रवारी सकाळी मामा म्हणाले, "मोजपट्टी, संस्थेच्या प्रमुख बाईंना एक पत्र टाइप करून दे. मी सांगतो."

भाचीने लॅपटॉप उघडला. मामा खिडकीकडे तोंड करून सांगू लागले. "माननीय बाई, माझा डावा कान पुष्कळ वर्षांपासून अधू आहे. हे मी आपल्याला आधी कळवायला हवे होते. आजवर कसेबसे भागले. परंतु मंगळवारपासून तो पूर्णच निकामी झालेला दिसतो. सबब यापुढे माझ्या ऐकण्यावर विसंबू नये. पेटी परत पाठवत आहे."

भाचीची बोटे 'मंगळवार' या शब्दावरच थांबली होती.

शिवणयंत्रही थांबले. "डावा कान अधू, यात नवीन काय?" मामी म्हणाल्या.

मामा वळले. "तुला ठाऊक होतं?"

"इतकी वर्षं जेवायला तुमच्या उजवीकडे कोण बसतं? मला तिकडची हवा आवडते असं वाटलं होय?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या मेहनतीनं लपवत होतात. म्हटलं, कशाला विरस करा."

भाची मात्र हसली नाही. तिने पत्र बाजूला सारून दुरुस्तीच्या आधीच्या त्या दोन रेघा काढल्या आणि लॅपटॉप मामांकडे फिरवला. "मामा, मंगळवारी तुमचा कान गेला नाही. उजव्या वाटीत एक चकती होती, ती मी काढली. मला वाटलं, तो बिघाड आहे."

मामा त्या घसरगुंडीवर वाकले. डावा कान बारीक, उंच आवाज नीट ऐकत नव्हता, म्हणून त्यांनी उजव्या कानालाही ते आवाज तेवढेच कमी पोचतील अशी सोय केली होती. म्हणजे माझी उजवी बाजू आजारी नव्हती. ती मामांच्या डाव्या कानाची सोबत करत होती. हे मला त्या दिवशी कळले, आणि पुरते अजूनही कळलेले नाही.

"चकती आत आहे हे मी विसरूनच गेलो होतो. हा कोणाला उघडू द्यायचा नाही, ही सवय तेवढी उरली," मामा म्हणाले. "रोज चष्मा लावणाऱ्याला चष्मा कुठे दिसतो? आणि हा दिवस येणार, येणार म्हणून इतकी वर्षं धास्ती घेतली होती. आवाज उजवीकडे पळाला, तेव्हा वाटलं, आला तो दिवस." थोडे थांबून त्यांनी विचारले, "टाकून दिलीस?"

"नाही. पाकिटात आहे. जाडी, वजन, तारीख, सगळं लिहून ठेवलंय."

"आणि कशासाठी बसवली होती ते?"

"ते कुठे ठाऊक होतं, मामा."

"कसं असेल? मी कोणाला सांगितलंच नाही."

चकती परत बसली. तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. मलाही तसेच वाटले. मामांनी कंपनीतून जपून आणलेली तीच एकट्या बाईच्या गाण्याची तबकडी लावली. बाई कपाळाच्या मधोमध गायला हवी, हे त्यांचे माप. मागे जागेवर आली होती, ती हीच. पण आता ती उजव्या भुवईवर जाऊन बसली. चकती तीच होती, पण तो कान आता तेव्हाचा राहिला नव्हता, आणि गाद्याही नव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मामा आणि भाची कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणीचा कागद घेऊन आले. भाचीने त्या कागदावरून हिशेब मांडून दोन पातळ चकत्या कापल्या. खोट्या कानावर रेघ हवी तशी उमटली. मामांच्या खऱ्या कानात बाई अजूनही मध्यापासून बोटभर दूर होती.

"असं कसं?" भाची म्हणाली. "आकडे बरोबर आहेत."

"बाईला आकडे कळत नाहीत," मामा म्हणाले.

"सरका दोघेही," असे म्हणून मामींनी कात्री घेतली. मामा डोळे मिटून सांगत, "अजून थोडी. आता जास्त झाली." मामी कातरत, कधी नवीन तुकडा घेत. भाची प्रत्येक तुकडा मोजून लिहीत. दुपार कलली तेव्हा मामांनी हात वर केला. मामींनी कात्री खाली ठेवली. भाचीने माझी मोजणी केली. माझ्या दोन रेघांमध्ये इतके अंतर पूर्वी कधीच नव्हते. कारखान्यातल्या बाईंनी ते पाहून कपाळाला हात लावला असता. आणि मामा म्हणत होते, सरळ झाला.

पत्र मात्र गेले. मामांनी कानाबद्दलचे वाक्य राहू दिले, मंगळवारपासूनचे सगळे काढले आणि खाली लिहिले की निर्णय आपण घ्यावा. पुढचे आठ दिवस ते दारावरच्या प्रत्येक टकटकीला उठत. नवव्या दिवशी उत्तर आले. संस्थेच्या बाईंनी लिहिले होते की काम चालू राहील, पण प्रत्येक टेप यापुढे दोन माणसांनी ऐकावी आणि दोघांनी सही करावी. मामांनी ते दोनदा वाचले. दुसऱ्याची सही लागणार, हे त्यांना झोंबलेले दिसले. मग त्यांनी भाचीसाठी खुर्ची ओढली, आपल्या उजवीकडे.

पेटीतली पहिली टेप लागली. मामांच्या डोक्यावर मी आणि भाचीच्या डोक्यावर तिचा नवा कोरा हेडफोन. अर्धी टेप झाल्यावर मामांनी बोट उचलले. "टिचकी. अगदी बारीक. डावीकडे."

भाचीने टेप मागे घेऊन ऐकली. "नाही, मामा."

मामांचे बोट हवेतच राहिले.

तिने पुन्हा मागे घेतली आणि डोळे मिटले. "थांबा," ती म्हणाली. "आहे. डावीकडेच आहे."

मामांनी वहीत नोंद केली आणि वही सहीसाठी तिच्याकडे सरकवली.

तर मित्रांनो, मी दुरुस्त की बिघडलेला, ते तुम्हीच ठरवा. भाची मला डोक्यावर घेते तेव्हा तिला मी साफ वाकडा वाटतो. माझ्या आत आता एक कागदाची पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर काय बदलले ते भाचीच्या अक्षरात आहे, आणि का बदलले ते मामांच्या. माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. एखादी जुनी वस्तू हाती आली तर तिची वायर धरून ओढू नका, गाद्यांवरचा घाम पुसत जा, आणि तिच्या पोटात काही विचित्र सापडले तर ते काढण्यापूर्वी ज्याची वस्तू आहे त्याला विचारा. तो सांगत नसेल तर त्याच्या शेजारी बसा आणि पुन्हा विचारा. मला कोणीही उघडू शकते, माणसांना तसे उघडता येत नाही.